जुन्या टीव्ही संचाची संरक्षक काच परत बसवा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत काही दिवसांपूर्वी एका हौशी संग्राहकाने दुरुस्त करून पुन्हा चालू केलेल्या जुन्या टीव्ही संचाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. लाकडी पेटीला केलेले नवे पॉलिश, घासून लखलखीत केलेली बटणे आणि पडद्यावर उमटलेले स्वच्छ कृष्णधवल चित्र पाहून, ज्याने आयुष्यातील बरीच वर्षे असल्याच संचांच्या मागे वाकून काढली आहेत अशा माझ्यासारख्याला आनंद होणे साहजिकच होते. मात्र छायाचित्र दुसऱ्यांदा पाहताना एक गोष्ट खटकली. खोलीतल्या खिडकीचे प्रतिबिंब पडद्यावर वाकडे, फुगीर झालेले दिसत होते. त्या बांधणीच्या संचात पुढे सपाट काच असते, आणि सपाट काचेत खिडकीच्या कडा सरळ दिसायला हव्यात. याचा अर्थ एवढाच, की चित्र उमटवणाऱ्या काचेच्या नळीपुढची, म्हणजे पिक्चर ट्यूबपुढची, संरक्षक काच दुरुस्तीच्या वेळी काढली गेली होती आणि ती परत बसवलेली नव्हती.

त्या गृहस्थांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही, कारण हीच चूक मी स्वतः काही वर्षे केली आहे. माझ्याकडच्या एका संचाची काच कडेने तडकलेली होती, तिच्याऐवजी दुसरी मिळेपर्यंत संच तसाच चालवावा असे मी ठरवले, आणि अशा तात्पुरत्या व्यवस्थांचे जे होते तेच तिचे झाले. शिवाय काचेविना चित्र अधिक उजळ दिसत होते, त्यामुळे घाईही वाटेना. एके दिवशी माझ्या नातवाने खेळताना भिरकावलेला लाकडी ठोकळा ट्यूबच्या तोंडावर, म्हणजे पडद्याच्या काचेवर, कोपऱ्यापासून दोन बोटांवर, येऊन आदळला. काही झाले नाही. काचेवर एक बारीक पांढरा ओरखडा तेवढा राहिला. पण मी संच बंद केला, प्लग काढला, आणि तो ओरखडा भिंगाखाली पाहिल्यानंतर पुढे कित्येक महिने त्या संचाला वीज दिली नाही. ज्या माणसाला आतले सगळे ठाऊक होते, त्यानेच घरातल्या इतरांना त्या तोंडासमोर बसवले होते, ही गोष्ट मला अजूनही टोचते.

ज्यांनी असा संच उघडलेला नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. पिक्चर ट्यूब आतून निर्वात असते. तसे नसेल तर इलेक्ट्रॉनांचा झोत मागच्या निमुळत्या मानेपासून पुढच्या फॉस्फरपर्यंत, म्हणजे पडद्याच्या आतल्या चमकणाऱ्या लेपापर्यंत, पोचणारच नाही. बाहेरून मात्र वातावरणाचा दाब तिच्यावर सतत असतो, आणि तो दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो इतका असतो. २१ इंची आयताकृती पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे १३५० चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे एकट्या पुढच्या तोंडावर जवळजवळ १४०० किलोंचा भार अहोरात्र असतो, संच चालू असो वा माळ्यावर पडलेला असो. मागच्या नरसाळ्यासारख्या भागावरचा भार याच्या जोडीला आहेच. ही काच जाड असते, तिचे तोंड मुद्दाम फुगीर ठेवलेले असते आणि दाबाखाली काच चांगली टिकते, म्हणूनच ट्यूब पन्नास-साठ वर्षेही जशीच्या तशी राहू शकते. पण काचेला ताण सोसत नाही. तोंड आणि नरसाळे जिथे मिळतात त्या कडेच्या भागात बाहेरच्या दाबामुळेच ताण निर्माण होतो, आणि तिथे खोल ओरखडा, टवका किंवा ठोका बसला तर चीर तिथून धावायला लागते.

अशी ट्यूब फुटते तेव्हा तुकडे आधी आत खेचले जातात, म्हणून या प्रकाराला अंतःस्फोट म्हणतात. पण आत गेलेले तुकडे थांबत नाहीत, ते समोरासमोरून एकमेकांना ओलांडून त्याच वेगाने बाहेर पडतात. मानेतील, इलेक्ट्रॉनांचा झोत सोडणारी इलेक्ट्रॉन गन तर सरळ पुढे, म्हणजे प्रेक्षकाच्या दिशेने, फेकली जाऊ शकते. संरक्षक काच आहे ती याच तुकड्यांसाठी. बाहेरून येणारा ठोका ती स्वतःवर घेते आणि आतून येणारी काच अडवते. ही दोन्ही कामे ती एकाच जागी उभी राहून करते.

भीती वाढवणे हा माझा हेतू नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. आपोआप, कोणी हात न लावता ट्यूब फुटल्याचे प्रसंग विरळ असतात. मान तुटली तर बहुतेक वेळा सूं असा आवाज होऊन हवा आत शिरते आणि ट्यूब निकामी होते, एवढेच. बहुतांश अपघात संच वापरताना नव्हे तर ट्यूब हाताळताना होतात, आणि त्यामागे अनेकदा विजेचा धक्का असतो: ट्यूबच्या आतल्या व बाहेरच्या कार्बनच्या लेपांमुळे ती वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरसारखी वागते, अ‍ॅनोडवरचा (ट्यूबच्या उच्च दाबाच्या विजेच्या टोकावरचा) विद्युतभार संच बंद केल्यावरही दीर्घकाळ टिकतो, एकदा उतरवल्यावरही थोडा परत येतो, आणि त्या झटक्याने माणसाचा हात आपसूक मागे जाऊन दहा-पंधरा किलोंची काच जमिनीवर सुटते. म्हणून ट्यूब काढण्यापूर्वी बाहेरच्या लेपाला जोडलेल्या तारेतून, मध्ये वीज रोखणारा मोठा रेझिस्टर घालून, तो विद्युतभार उतरवणे, आणि थोड्या वेळाने पुन्हा उतरवणे, हे दुरुस्ती करणाऱ्याने अंगवळणी पाडले पाहिजे. ट्यूब मानेला धरून उचलू नये, दोन्ही हात तोंडाच्या जाड कडेखाली असावेत, ती जाड कापडावर तोंड खाली करून ठेवावी, डोळ्यांवर बंद गॉगल, हातात जाड मोजे आणि गळा झाकलेला असावा, हे सर्व जुन्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पहिल्या पानांवर छापलेले असे. त्या पानांकडे आपण दुर्लक्ष करतो ते बहुधा पहिल्या पानांवर असल्यामुळेच.

आता मूळ मुद्दा. ट्यूबपुढची काच ही पेटीच्या सजावटीचा भाग असल्याचा समज सर्वत्र आढळतो, आणि त्याला इतिहासच थोडा कारणीभूत आहे. अमेरिकेतील आरसीए कंपनीच्या १९३९ च्या टीआरके-१२ या संचात ट्यूब इतकी लांब होती, की ती पेटीत उभी बसवून प्रेक्षकाला झाकणातल्या आरशात चित्र पाहावे लागे. म्हणजे ट्यूबचे तोंड कोणाच्या चेहऱ्यासमोर नसे. महायुद्धानंतर १९४६ मध्ये आलेल्या आरसीए ६३०टीएस या १० इंची ट्यूबच्या संचात तोंड थेट समोर आले, आणि त्यापुढे पेटीला वेगळी सपाट काच बसवली गेली. पुढची दहा-बारा वर्षे जवळपास सर्वांनी हीच पद्धत वापरली. काच पेटीत असल्यामुळे ती पेटीची वाटली, त्यात नवल नाही. काही संचांत ती मुद्दाम वरच्या बाजूने पुढे कललेली असे, म्हणजे खोलीतल्या दिव्याचे प्रतिबिंब प्रेक्षकाच्या डोळ्यांत न जाता खाली जमिनीकडे जाई.

या व्यवस्थेत दोन अडचणी होत्या. ट्यूबच्या तोंडावरच्या स्थिर विद्युतभारामुळे धूळ ओढली जाऊन काच आणि ट्यूब यांच्या मधल्या फटीत साचे, आणि ट्यूब कमजोर झाली असे समजून लोक ती बदलण्याचा विचार करू लागत. दुसरे म्हणजे काचेचा हवेला लागलेला प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परत फेकतो, आणि वेगळ्या काचेमुळे असे दोन पृष्ठभाग विनाकारण वाढत. यावर उपाय म्हणून १९५० च्या दशकाच्या अखेरीस ट्यूबच्या तोंडाच्याच आकाराची वक्र काच पारदर्शक चिकटद्रव्याने कारखान्यातच तोंडावर चिकटवण्याची पद्धत आली. रंगीत ट्यूबांतही हा बदल दिसतो: २१ इंची गोल तोंडाच्या २१एफबीपी२२ या ट्यूबला पेटीत वेगळी काच लागते, तर तिचाच भाऊबंद असलेल्या २१एफजेपी२२ वर काच चिकटवूनच येते. म्हणजे संरक्षक काच इथे पेटीतून निघून ट्यूबचा भाग झाली.

त्यानंतर १९६० च्या दशकाच्या मध्यावर आणखी एक बदल झाला, आणि माझ्या मते आजच्या बहुतेक गैरसमजांचे मूळ त्यात आहे. तोंडाच्या सर्वांत रुंद कडेभोवती पोलादी पट्टा ताणून घट्ट बसवायचा, किंवा कडेभोवती पत्र्याचे कोंदण करून मधली जागा रेझिनने भरायची, अशा पद्धती आल्या आणि पुढची जादा काच गेली. पट्टा कडेच्या काचेला चहूबाजूंनी आवळून धरतो, बाहेरच्या दाबामुळे तिथे जो ताण पडतो त्याला उलट दाब देतो, आणि काच तडकलीच तर तुकडे जागेवर धरून हवा हळूहळू आत जाऊ देतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी जे टीव्ही होते ते या पट्ट्याच्या काळातले. त्यांच्यापुढे काच नव्हती आणि त्यांनी कोणाला इजा केली नाही, हा अनुभव खरा आहे. पण त्यावरून ‘जुन्या संचालाही काच लागत नाही’ हा निष्कर्ष काढणे म्हणजे हेल्मेट घातलेल्या माणसाकडे पाहून डोके मजबूत असते असे म्हणण्यासारखे आहे. पट्टा दिसतो तो मागून, पेटी उघडल्यावर. पुढून पाहता दोन्ही ट्यूबा सारख्याच वाटतात. म्हणून कोणताही संच हाती घेतल्यावर पहिला प्रश्न ‘काच कशी काढू’ हा नसून ‘या ट्यूबचे संरक्षण कशात आहे’ हा असायला हवा. कडेला पोलादी पट्टा असेल तर तो कधीही सैल करू नये, त्यावर गंज असला तरी. पट्टा नसेल तर पुढची काच हेच तिचे एकमेव संरक्षण आहे.

चिकटवलेल्या काचेला काळाने एक रोग दिला आहे. जुन्या काळी वापरलेले चिकटद्रव्य अनेक ट्यूबांत हळूहळू बिघडते, कोपऱ्यांपासून किंवा कडेपासून दुधी डाग पडू लागतात आणि वर्षागणिक मध्याकडे सरकतात. इंग्रजी बोलणारे संग्राहकही या डागांना मोतीबिंदूच म्हणतात, आणि ज्याने तो प्रकार पाहिला आहे त्याला दुसरा शब्द सुचणार नाही. ट्यूब आतून उत्तम असते, चित्र तेजस्वी असते, पण ते धुकट काचेमागून पाहावे लागते. मग स्वाभाविकच वाटते, की ही वरची काच काढावी, चिकटद्रव्य साफ करावे आणि चित्र मोकळे करावे. इथपर्यंत काही चूक नाही; मोतीबिंदू काढलाच पाहिजे. चूक होते ती पुढच्या टप्प्यावर, जेव्हा स्वच्छ झालेली ट्यूब इतकी सुंदर दिसते, की ती आता पुन्हा कशाला झाकायची असे वाटून निघालेली काच कोपऱ्यात उभी करून ठेवली जाते आणि एके दिवशी भंगारात जाते. डोळ्याच्या मोतीबिंदूत जुने भिंग काढल्यावर नवे बसवतात. इथे मात्र अर्ध्यावर शस्त्रक्रिया संपवली जाते.

काच काढण्याचे काम मी आजवर मोजकेच केले आहे, आणि ते फुरसतीचे काम नाही हे सांगायला मला संकोच वाटत नाही. चिकटद्रव्य उष्णतेने मऊ होते, म्हणून कोणी कोमट पाण्यात तोंड बुडवून पाणी अतिशय सावकाश तापवतो, कोणी हीट गन वापरतो, कोणी बारीक तार दोन लाकडी मुठींना बांधून कडेपासून करवतीसारखी ओढत नेतो. मी तार आणि सौम्य, सर्वत्र सारखी ऊब यांचा मेळ घातला. पण या प्रत्येक पद्धतीत ट्यूब निर्वातच असते आणि आपण तिला एका बाजूने तापवत असतो. थंड काचेवर गरम पाणी ओतले, हीट गन एकाच जागी धरली किंवा उतावीळपणे दोन काचांच्या मध्ये स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकले, तर जी काच संरक्षणासाठी होती तीच अपघाताचे कारण होते. माझ्या दुसऱ्या प्रयत्नात तार अर्ध्यावर गेल्यावर टक असा आवाज आला. मी दोन्ही मुठी खाली ठेवल्या, ट्यूबवर पांघरूण टाकले आणि खोलीबाहेर गेलो. दुसऱ्या दिवशी पाहिले तर वरच्या संरक्षक काचेच्या कडेचा नखाएवढा टवका उडाला होता, ट्यूब सुखरूप होती. त्या रात्री मला जी झोप लागली नाही ती टाळायची असेल, तर ज्याला हे काम पाहून शिकायला मिळालेले नाही त्याने मोतीबिंदू सहन करावा, असे मी स्पष्टपणे सुचवेन. डाग कडेलाच असतील आणि चौकटीखाली झाकले जात असतील, तर त्यांना हात लावण्याचे काहीच कारण नाही.

काच निघालीच, तर ती परत कशी बसवावी याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. काही जण कडेने दोन्ही बाजूंनी चिकटणारी जाड टेप लावून मूळ काच तिच्या जागी बसवतात. दृष्टीला हे उत्तम दिसते, मधे हवेचा पातळ थर राहतो, आणि पुढे गरज पडल्यास काच पुन्हा काढता येते. मात्र हे लक्षात ठेवावे लागते, की पूर्ण पृष्ठभागावर चिकटलेली काच तुकड्यांना धरून ठेवते आणि टेपवरची काच तसे करत नाही. ती फक्त पडद्यासारखी समोर उभी असते, म्हणजे १९४६ च्या पद्धतीकडे आपण परत गेलेलो असतो. तसे असायला हरकत नाही, पण मग त्या काचेला नुसत्या टेपवर विसंबून न ठेवता खालच्या बाजूने धातूच्या छोट्या आधारपट्ट्यांचा आणि पुढून पेटीच्या चौकटीचा टेकू मिळाला पाहिजे, कारण काही वर्षांनी टेप सुकली की जड वक्र काच खाली घसरते. टेप पुरेशी जाड नसेल तर दोन काचा मध्यभागी एकमेकींना टेकून तिथे न्यूटनची रंगीत वलये दिसतात, तेही टाळायला हवे. दुसरा पक्ष पारदर्शक रेझिन ओतून दोन्ही काचा पुन्हा एकजीव करतो. संरक्षणाच्या दृष्टीने हे मूळ पद्धतीच्या अधिक जवळचे आहे, पण रेझिन घट्ट होताना तापते आणि आकसते, बुडबुडे राहतात, आणि एकदा चुकले की सुधारता येत नाही. निर्वात ट्यूबच्या तोंडावर मी हे केलेले नाही आणि करणारही नाही. आणखी एक व्यावहारिक बाब अशी, की चिकटवलेल्या काचेच्या ट्यूबा पेटीत बसवताना त्या काचेची जाडी धरूनच चौकट आणि पकडी केलेल्या असतात. काच गाळली की ट्यूब पुढेमागे होते, चौकटीला फट पडते, आणि मग कोणीतरी पकडीचे स्क्रू जास्त आवळून काचेच्या कडेवर नवा ताण निर्माण करतो.

पेटीतली वेगळी सपाट काच हरवली किंवा फुटली असेल, तर काम त्या मानाने सोपे आहे, आणि तरीही नेमकी तिथेच सर्वांत वाईट तडजोड केलेली दिसते: खिडकीची साधी काच मापात कापून बसवली जाते. साधी काच फुटली तर तिचेच लांब, टोकदार सुरे होतात. ट्यूबच्या तुकड्यांत आणखी भर घालण्यापलीकडे ती काही करत नाही. तिच्याऐवजी मूळ काचेच्या जाडीची लॅमिनेटेड काच घ्यावी, जिच्या दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो आणि फुटली तरी तुकडे त्याला चिकटून राहतात. फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांच्या हातून १९०३ मध्ये पडलेला काचेचा चंबू फुटूनही विखुरला नाही, कारण त्यात पूर्वी वाळलेल्या सेल्युलोज नायट्रेटचा थर होता; त्यातून निघालेली ही कल्पना मोटारींच्या पुढच्या काचेत रोज आपल्यासमोर असते. टफन केलेली काचही चालते, पण ती मापात कापून, कडा घासून मगच भट्टीत जाते. तयार झाल्यावर तिला कापायला गेले तर तिचा भुगा होतो. आपल्या हातातली काच कोणती हे ओळखायला फार खटाटोप लागत नाही. लॅमिनेटेड काचेच्या कडेला मधली रेघ दिसते. पोलराइज्ड काचांचा गॉगल घालून मोकळ्या आकाशाचे प्रतिबिंब पाहिले तर टफन केलेल्या काचेवर ठिपक्यांची किंवा पट्ट्यांची पुसट नक्षी उमटते. पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा ठोका उत्तम सोसतो, पण पुसता पुसताच त्यावर चरे पडतात आणि धूळ ओढण्यात तो काचेच्याही पुढे आहे. काहीच नसण्यापेक्षा तो नक्कीच बरा.

काचेच्या रंगाबद्दलही थोडे लिहायला हवे, कारण काचेविना चित्र उजळ दिसते म्हणून ती नको, असे सांगणारे मला अनेक जण भेटले आहेत, आणि मीही त्यांतलाच होतो. अनेक संचांतली मूळ काच किंचित करडी असते, आणि ती मळलेली नसून मुद्दाम तशी केलेली असते. समजा ती निम्मा प्रकाश जाऊ देते: ट्यूबवरचे चित्र तिच्यातून एकदाच बाहेर येते, म्हणून ते निम्मे होते, पण खोलीतला उजेड आत जाताना निम्मा होतो, ट्यूबवरून परत येताना पुन्हा निम्मा होतो, म्हणजे पावच उरतो. त्यामुळे चित्र थोडे मंद दिसले तरी काळा भाग खरोखर काळा दिसतो. काच काढल्यावर अंधाऱ्या खोलीत चित्र झगझगीत वाटते, पण दिवसा त्यातले काळे राखाडी होऊन जाते. ज्यांना संच मूळ रूपात आणायचा आहे त्यांनी निदान या कारणासाठी तरी करडी काच शोधावी.

ट्यूबमधून बाहेर पडू शकणाऱ्या क्ष-किरणांचा प्रश्न मी थोडक्यात मांडतो. ट्यूबांच्या त्या काळच्या तांत्रिक पत्रकांत १६ किलोव्होल्टच्या वर चालणाऱ्या ट्यूबला पुरेसे आवरण असावे असा इशारा दिलेला असे, आणि रंगीत संच २५ किलोव्होल्टच्या आसपास चालत. जनरल इलेक्ट्रिक कंपनीला १९६७ मध्ये सुमारे ९०,००० रंगीत संच दुरुस्तीसाठी परत घ्यावे लागले ते क्ष-किरणांच्या गळतीमुळे, आणि १९६८ मध्ये अमेरिकेत यासाठी स्वतंत्र कायदा झाला. तो दोष पडद्याचा नव्हता, विजेचा उच्च दाब नियंत्रित करणाऱ्या आतल्या एका व्हॉल्व्हचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नळीचा, होता, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. तरीही जुन्या रंगीत संचात निर्मात्याने जेवढी काच आणि जेवढे पत्रे बसवले तेवढे सगळे परत जागेवर जावेत, आणि विजेचा उच्च दाब ठरल्यापेक्षा वर नसावा, एवढी काळजी घेण्यात काही कठीण नाही.

‘तीस वर्षे काचेविना चालवतो, काही झाले नाही’ हे वाक्य मला प्रत्येक वेळी ऐकवले जाते. म्हणणाऱ्याच्या सावधपणाबद्दल मला शंका नाही. पण दुरुस्त केलेला संच दुरुस्त करणाऱ्याकडे राहत नाही. तो विकला जातो, भेट दिला जातो, प्रदर्शनात मांडला जातो, वारसांच्या घरी जातो. नव्या मालकाला पेटी दिसते, चित्र दिसते, आणि लहान मुले जे करतात तेच करतात, म्हणजे पडद्याला नाक लावून पाहतात. तिथे काच असायला हवी होती हे त्याला कोणी सांगितलेले नसते आणि नसलेली वस्तू दिसत नाही.

आपल्या पुरवणीत अशा संचांची छायाचित्रे पुढेही यावीत अशी माझी मनापासून इच्छा आहे. आपल्या प्रतिनिधींनी संग्राहकांना पॉलिश आणि जुन्या कॅपॅसिटरांविषयी जसे आवर्जून विचारले, तसेच पुढची काच कोणती आहे हेही विचारावे आणि उत्तर छापावे, एवढी विनंती आहे. संग्राहकांनी आपल्या संचाच्या मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ट्यूबच्या संरक्षणाची माहिती लिहिलेला एक कागद चिकटवून ठेवावा. पुढचा दुरुस्तीकार झाकण उघडताच तो वाचेल. माझ्या ज्या संचावर नातवाचा ठोकळा आदळला होता, तो आता नव्या लॅमिनेटेड काचेसह पुन्हा चालू आहे, ट्यूबवरचा तो ओरखडा दर काही महिन्यांनी भिंगाखाली पाहिला जातो, आणि त्याच्या झाकणात लावलेला कागद असा आहे: ‘ट्यूबला पोलादी पट्टा नाही. पुढची काच लॅमिनेटेड, मूळ जाडीची, खाली दोन आधारपट्ट्या. उजव्या वरच्या कोपऱ्याजवळ ट्यूबवर ओरखडा आहे, तो वाढलेला दिसल्यास ट्यूब वापरू नये. काच काढलेली असताना संच चालू करू नये.’

आपला नम्र,
एक जुना टीव्ही दुरुस्तीकार